टॉवरवाल्यांची खादाडी

कामावरून परतले की घरचे विचारतात, "काय दुरुस्त केलं?" आणि मी सांगत बसते, काय खाल्लं. मोबाइल टॉवरच्या कामाला रोज नवा रस्ता, त्यामुळे किस्से साठतच जातात. आम्ही तिघं: मी पुण्याहून बदलून आलेली इंजिनीअर, चंद्रपूरचे टेक्निशियन सलीमभाई आणि गाडी चालवणारा दिनेश. हट्ट एकच, जिथं जाऊ तिथलंच खायचं.

*

पोंभुर्ण्याला गाडी थांबवली, तर ठेल्यावर पाटी: 'स्पेशल मंचुरियन'. मी नाराजीनंच विचारलं, "भाऊ, इथलं काही नाही का?"

"इथलंच आहे ना, मॅडम," त्यांनी मागे बोट दाखवलं. "पत्ताकोबी माह्याच वावरातली."

खाल्लं. दोन प्लेटा.

*

चिमूरकडे वडाभात शोधत होतो. जो तो म्हणे, "तो विकत नाई भेटत, लग्नात भेटते." पुढच्या गावात मांडव दिसला आणि दिनेशनं न विचारता ब्रेक मारला.

दारातल्या आजींनी विचारलं, "पोराकडचे का पोरीकडचे?"

सलीमभाई खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "टॉवरकडचे."

"मंग उभे काऊन? बसा पंगतीत."

*

सिरोंच्यात इडलीच्या गाडीवरच्या बाई तेलुगूच बोलत. "मले येते तेलुगू," म्हणत दिनेश पुढे झाला. बाईंनी विचारावं, "इंका?" यानं मान डोलवावी. इडल्या येतच राहिल्या.

शेवटी सलीमभाई म्हणाले, "ती काय म्हणून राह्यली?"

"अजून पाहिजे का, म्हणते."

"मग नाई म्हण ना."

"त्याले तेलुगूत काय म्हणते, ते नाई येत मले."

*

आणि मैनाबाई. गडचिरोलीच्या आतल्या एका गावात नवा टॉवर उभा करायला आम्ही पावसाळाभर जात होतो. फाट्यावर मैनाबाईंची टपरी, विकायला फक्त चहा आणि चिप्सची पाकिटं. एका दुपारी त्या स्वतःचा डबा उघडून बसल्या होत्या. तांदळाची भाकर आणि वास्ते, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. वासानं आम्ही तिघांनीही चहा बाजूला ठेवला.

"बाई, हे काऊन नाई विकत?" दिनेशनं विचारलं.

"हे कोण घेईन? बसमधले लोक पाकीटच मागतेत."

"आमी घेतो ना."

त्यांनी लाजत डबा पुढे केला. खाताना आमच्या तोंडांकडे बघत होत्या. सलीमभाईंनी बोटं चाटली, तेव्हा कुठे हसल्या.

टॉवर सुरू झाल्यावर काही दिवसांनी परत गेलो, तर चुलीवर वास्त्यांच्या भाजीनं भरलेला मोठा गंज, समोर बस उभी, आणि ड्रायव्हर-कंडक्टरसकट अर्धी बस भाकरी खात बसलेली. आमची पाळी येईपर्यंत गंज रिकामा.

"आमच्यासाठी नाही ठेवलं?" मी म्हटलं.

"आता फोन करून येत जा, मॅडम," मैनाबाई हात पुसत म्हणाल्या. "नेटवर्क तुमीच तं आणलं."