ताईनं निवडलेलं लाकूड

मोबाइलवर दाजींचं नाव दिसलं. लकव्यानंतर दाजींची वाचा गेली होती, त्यांचा फोन ताईच वापरायची; पण इतक्या सकाळी ती कधी फोन करत नसे. उचलला, तर शेजारच्या काकूंचा आवाज. "लगेच दौंडला या... तुमची ताई उठंना." वडगाव रासाईहून गाडी कशी चालवत आणली, आठवत नाही. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. दाजी पलंगावर टेकून बसले होते, नजर समोरच्या माशांच्या टाकीवर.

ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आता काही आठवडे झाले. तेव्हापासून मी दाजींजवळच राहतोय. ती टाकी त्यांच्यासाठीच आणलेली. लकव्यानंतर ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मासे आले तसे ते कूस बदलून बघू लागले. ताईला तेवढाच आधार, आणि तेवढीच नवी धास्ती. एखादा मासा मेला अन् यांनी परत भिंतीकडे तोंड फिरवलं तर...? मासे बुजून कोपऱ्यात दडत. त्यांना आडोशाला लाकूड ठेवा, असं दुकानदारानं सुचवलं, पण चुकीचं लाकूड पाण्यात विष सोडतं, हेही सांगितलं. झालं! ताईची झोपच उडाली.

मी भीमेच्या काठावरून एक झकास वेडंवाकडं खोड नेलं. ताईनं ते नाकाशी धरलं. "रॉकेलवानी वास येतोय रे. नदीत काय काय सोडत्यात, आपल्याला काय ठावं? न्हाई चालायचं." कडुलिंब नको, निलगिरी नको, चीक निघणारं तर नकोच. शेवटी आमच्या घरामागं वाळून गेलेल्या पेरूची फांदी नेली. तिनं नख रोवून ओल बघितली, साल खरवडून काढली. "फवारा मारला व्हता का ह्याच्यावर?"

"न्हाई गं."

"नीट आठवून सांग. तुज्या दाजींचा जीव हाय त्या माशांत."

मोठ्या पातेल्यात तिनं ती फांदी तासन् तास उकळली, मग टबात बुडवून वर दगड ठेवला. पाणी चहासारखं व्हायचं, ती रोज बदलायची. लाकूड टाकीत गेलं आणि काही दिवसांत त्यावर पांढरा बुळबुळीत थर चढला. ताई फोनवर रडायलाच लागली. नव्या लाकडावर असं येतंच, पुसून काढा, असं दुकानदारानं समजावलं, तरी ती दिवसभर टाकीपुढून हलली नाही. मासे तगले. फांदीखालून ये-जा करू लागले. एखादा आत दडून बसला की दाजी घशातून आवाज काढत, अन् तो बाहेर येईपर्यंत ताईला घास गिळवत नसे. त्याच दिवसांत तिच्या छातीत जळजळायचं. "पित्त झालंय," म्हणायची. दवाखान्याचं नाव काढलं की, "ह्यांच्यापाशी कोन थांबल?" मी थांबतो म्हटलं, तर म्हणे, पुढच्या आठवड्यात बघू...

परवा मोरीमागची अडगळ आवरताना झाकलेला एक टब सापडला. आत दुसरं लाकूड भिजत होतं. कुठलं, कुणाकडून आणलेलं, काही कळेना. टाकून द्यावं, तर तिचं शेवटचं काम. टाकीत सोडावं, तर... तसंच निथळतं लाकूड दाजींपुढं नेलं. "दाजी, कडुलिंबाचं हाय का?" त्यांनी मान हलवली, नाही. "चिंचंचं?" नाही. "जांभळीचं?" त्यांनी डोळे मिटून होकार दिला.

"नक्की ना?" होकार. "नक्की नक्की?"

दाजींचं तोंड एका बाजूनं वाकडं झालं. मी घाबरलो, जवळ धावलो. ते हसत होते. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच.

अजून ते लाकूड टाकीत सोडायचा धीर होत नाही. आज सकाळी टबातलं पाणी बदललं, दगड पुन्हा वर ठेवला. पाण्याला अजून थोडा रंग येतोय.