वर्तुळांचा मानपान

४ मे, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. विमलताई झाडे कडी न वाजवता आत आल्या. पदराखाली लॅपटॉप झाकलेला होता. उन्हाने तो तापतो, असे त्यांचे मत होते.

"सर, चहा नको. उद्या पेपर हाये."

चहा मी विचारला नव्हता.

सिंदी मेघेत त्या माझ्या शेजारी. आता त्या हयात नाहीत. कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. धरली. सगळे विषय सुटले. गणित दोनदा राहिले. या खेपेस गेले असते, तर नोंदणीची मुदत संपून पदवीच बुडाली असती. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. दोन्ही खेपांना शिकवणी माझीच होती.

गाडे 'निवडी'वर, म्हणजे पाचांतून तीन किती प्रकारे निवडता येतात यावर, अडले होते. म्हणून त्यांच्या नागपूरच्या लेकीने प्रोग्राम लिहून पाठवला. पडद्यावर पाच वर्तुळे. कोणत्याही तीन वर्तुळांना बोट लावले की खाली नवी चौकट उजळते. तेच तीन उलटसुलट निवडले, तर नवी चौकट येत नाही, जुनीच लुकलुकते. हा मला पोरखेळ वाटला.

वर्तुळांवर अ, ब, क अशी अक्षरे होती. "अक्षराले चेहरा नाई," म्हणून ताईंनी नावे टाकली: नणंद, जाऊ, विहीण, मावशी. पाचव्यात मला घातले.

नणंद, जाऊ, विहीण. चौकट उजळली. मग जाऊ, नणंद, विहीण. जुनीच लुकलुकली.

"हे मशीन खोटं बोलून राह्यलं," ताई म्हणाल्या. "पहिले नणंदेले आहेर केला, आता जावेले. हे एकच कसं होईन?"

"निवड तीच आहे. क्रम धरायचा नाही."

"काऊन नाई धरायचा? आमच्याकडं लग्नात असाच क्रम चुकला, तं जाऊ जेवली नाई. तुमच्या गणिताले सासर नाई, म्हणून."

मी भाजीचे उदाहरण दिले. कांदा, वांगे, बटाटा. कोणत्याही क्रमाने घाला, भाजी एकच. त्यांनी कीव आल्यासारखे पाहिले.

"कांदा मागून टाकता? तरीच तुमच्या घरून फोडणीचा वास येत नाई."

दुपारपर्यंत भांडण चालले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नापास झाली तं लेकीले काय तोंड दाखवू?"

त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी न निवडलेल्या दोन वर्तुळांवर बोट ठेवले: मावशी आणि मी.

"सर, हे दोघं बाहेर राह्यले ना?"

"हो."

"ज्याले बोलावलंच नाई, त्याचा कायचा मान? त्याच्यात पहिला कोन न् दुसरा कोन?"

"कोणीच नाही."

"मंग दोघं गाळाचे. तिघं आपोआप उरतात."

त्यांनी एकेक जोडी गाळून उरलेल्या तिघांना बोट लावायला घेतले. पहिल्या चारही जोड्यांत मी होतो. दहाव्या जोडीला सगळ्या चौकटी उजळल्या, अकरावी नव्हतीच. पाचांतून तीन निवडणे आणि पाचांतून दोन गाळणे सारखेच, हे मी आयुष्यभर फळ्यावर सिद्ध करीत आलो. कोणाला गाळायचे, हे एकाही विद्यार्थ्याला विचारले नाही.

"सर, तुमाले काढलं न् गणित सुटलं," ताई म्हणाल्या.

त्या पास झाल्या. गुण किती, ते शेवटपर्यंत सांगितले नाही. "पेढा खा, चौकशी करू नका," एवढेच म्हणाल्या.

त्या दिवशी मात्र निकाल कोणालाच ठाऊक नव्हता. केंद्र हिंगणघाटला, पेपर सकाळचा, आणि त्यांना नेणारे कोणी नव्हते. संध्याकाळी मी स्कूटर पंपावर नेली आणि मागच्या चाकात हवा भरून घेतली.