आपल्या वंशजांना

आयोवातल्या ओल्मन गावची माणसं वाचनालयाच्या तळघरात दोनच कारणांनी उतरत. चक्रीवादळाचा भोंगा झाला तर, किंवा व्हर्लिन स्टकीने व्याख्यान ठेवलं असेल तर. यातलं मोठं संकट कोणतं, यावर गावात एकमत नव्हतं.

व्हर्लिनने जन्मभर औषधाचं दुकान चालवलं, म्हणून लहानथोर त्याला ‘डॉक’ म्हणत. दुकान विकल्यावर माणसं फ्लोरिडाला जातात, मासे पकडतात, निदान गुडघे तरी बदलून घेतात. डॉकने राज्यघटना धरली. शर्टाच्या खिशात चष्म्यामागे तिची चिमुकली प्रत असायची. रस्त्यात कुणी सहज “काय डॉक, कसं काय?” म्हणालं, की हा विचारायचा, “कुठल्या कलमाखाली विचारतोयस?” शहाणी माणसं पलीकडच्या फुटपाथवरून जात.

महिन्यातून एकदा तो कुठल्यातरी कॉलेजातून प्राध्यापक धरून आणायचा. सत्तेची विभागणी, बोलायचं स्वातंत्र्य, राज्यं मोठी की केंद्र मोठं, असे विषय. ऐकायला मक्याचे शेतकरी, निवृत्त शिक्षिका, लूथरन चर्चचा पाद्री, आणि डॉकची बायको आर्लीन करायची त्या लिंबाच्या वड्यांसाठी आलेला मोठा समुदाय. पाहुण्यांची ओळख डॉक स्वतः करून द्यायचा. एकदा पाहुणे मधेच उठून कॉफी घेऊन आले, ती पिऊन झाली, तरी डॉक अजून घटना लिहिली गेली त्या फिलाडेल्फियाच्या उन्हाळ्यातून बाहेर पडला नव्हता.

व्याख्यानाआधी सगळ्यांनी उभं राहून घटनेची प्रस्तावना मोठ्याने म्हणायची, हा ओल्मनचा रिवाज. डॉक पुढे, बाकीचे मागे. आणि इथेच दरवेळी गोंधळ. पन्नाशीच्या आसपासची सगळी मंडळी लहानपणी शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसून ही प्रस्तावना शिकलेली, तीही एका चालीवर. चालीत बसावं म्हणून त्या गाण्यात ‘संयुक्त संस्थानांचे’ हे शब्द गाळलेले. त्यामुळे अर्धं तळघर ‘आम्ही लोक’ म्हणून पुढे पळायचं, म्हातारं अर्धं संयुक्त संस्थानांतून वाट काढत मागून यायचं, आणि दोघांची गाठ पुढे ‘न्याय’ या शब्दाशी पडायची.

डॉक टेबलावर थाप मारायचा. “थांबा! आम्ही लोक? कुठले लोक? पुन्हा!”

यातला मुख्य गुन्हेगार घरचाच होता. डॉकचा एकुलता एक मुलगा गार्थ धान्याच्या कोठारावर ट्रक चालवायचा. लग्न केलं नव्हतं. मागे बसून तो मुद्दाम चालीत गायचा.

“गार्थ, कुठल्या देशाचे लोक?”

“बाबा, देश चालीत बसत नाही हो. देशच बदलून टाका की!”

तळघर हसायचं, डॉक लालबुंद व्हायचा. आणि घरी गेल्यावर आर्लीनला हळूच विचारायचा, “आवाज चांगला आहे ना गं त्याचा?”

फेब्रुवारीत पुलावर बर्फ होतं. गार्थचा ट्रक कठडा तोडून नदीत गेला.

गार्थच्या दफनानंतर चर्चच्या बायकांनी इतकं रांधून आणून दिलं की स्टकींच्या फ्रीजरचं दार लागेना. वसंतात पुन्हा व्याख्यान ठेवलं, डॉक पुढे उभा राहिला आणि म्हणू लागला. आवाज ठणठणीत. त्या दिवशी कुणीही एक शब्द गाळला नाही. सगळ्या तळघराने, पन्नाशीच्या मंडळींनीसुद्धा, संयुक्त संस्थानांसकट सगळं बिनचूक म्हटलं. डॉकला वाईट वाटू नये म्हणून. आणि नेमकं तेच त्याच्या काळजात घुसलं. प्रस्तावना संपत आली. स्वातंत्र्याची सुखं कुणाला लाभावीत, तर ‘स्वतःला आणि आपल्या वंशजांना’. डॉक ‘आपल्या’पाशी थांबला. तोंड उघडंच राहिलं. लोक त्याच्या मागून म्हणत होते, तेही थांबले. कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. शेवटी पाद्र्याने उरलेलं कसंबसं म्हणून टाकलं.

“याही वेळी दुसऱ्या कुणाला तरी उभं कर,” उन्हाळा संपत आला तेव्हा डॉकने ग्रंथपाल मॅक्सीनला पुन्हा सांगितलं. “माझा घसा बसलाय.”

“उन्हाळाभर बसतो होय घसा?”

“औषधवाला मी आहे की तू?”

“तू पुढे उभा राहणार नसशील तर मी हे बंद करते, डॉक. खरंच सांगते. सप्टेंबरचं शेवटचं.”

सप्टेंबरच्या पाहुण्या होत्या डॉक्टर आयोनी फासबेंडर, तरुण बाई. विषय होता, घटना लिहिणारे लोक न जन्मलेल्यांचं काय देणं लागत होते. प्रस्तावना पाद्र्याने म्हणवून घेतली. डॉक दाराजवळ बसला, तोंड मिटून.

“वंशज म्हणताना त्यांच्या मनात फक्त पोटची पोरं नव्हती,” बाई सांगत होत्या. “सही करणाऱ्यांपैकी काहींना मूलबाळच नव्हतं. आपल्यानंतर जो येईल तो वंशज. अनोळखीसुद्धा.”

प्रश्नांची वेळ झाली आणि डॉकने हात वर केला. डॉकचा प्रश्न म्हणजे मूळ व्याख्यानाला जोडलेलं दुसरं व्याख्यान. लोकांनी कप खाली ठेवले, पाय लांब केले.

“बाई, मुलगा आधी गेला, तर बापाने तो शब्द म्हणावा की म्हणू नये?”

आणि खाली बसला.

फासबेंडरबाईंनी चष्मा काढला. “मला माहीत नाही, मिस्टर स्टकी. मी शब्दाचा अर्थ सांगितला. तुम्ही विचारताय ते मला येत नाही.”

“बरं झालं,” डॉक म्हणाला. “उत्तर दिलं असतंत तर मला राग आला असता.”

परत निघताना गाडीत आर्लीनच्या मांडीवर वड्यांचं रिकामं ताट होतं. “तुझ्या प्रश्नाच्या वेळी मी विणकाम काढते. आज सुया हातात घेते न घेते तोवर तू खाली बसलास.”

तो हसला नाही. “माझ्याने नाही म्हणवत तो शब्द.”

“मग नको म्हणूस.”

“आणि गाळू? मी? गावाला जन्मभर ओरडून?”

“गाळू नकोस. मी म्हणेन.”

“तू?”

“दर महिन्याला म्हणतच होते की. तुझ्या आवाजापुढे कधी ऐकू आलंय कुणाला?”

डॉकने किल्ली लावली होती, पण गाडी सुरू करायला त्याला वेळ लागला. मग त्याने मॅक्सीनला फोन करून ऑक्टोबरचं व्याख्यान ठेवायला सांगितलं.

त्या दिवशी तो टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणू लागला. न्याय झाला, शांतता झाली, देशाचं रक्षण झालं. ‘स्वतःला आणि’ म्हणून त्याने ओठ मिटले आणि टेबलाकडे पाहत राहिला. आर्लीनचा आवाज ना गाण्याचा, ना भाषणाचा. जरा घोगराच. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तसं ती मोठ्याने म्हणाली, “आपल्या वंशजांना.”

डॉकने पुढचं वाक्य उचललं. आवाज मधे दोनदा फाटला, पण शेवटच्या शब्दापर्यंत त्याने ते नेलं. मग खुर्च्या वाजल्या, सगळे खाली बसले, डॉकही बसला. आर्लीन तेवढी उभीच होती. तिला बस म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.