आप्पांचं कट्ट्यावरचं दूध

"दूध सोडून बाकीचं काय बी बोला," असं म्हणत आप्पांनी माझा डाएट चार्ट टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला.

कोल्हापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी वीस वर्षं डाएटिशियन आहे. आप्पा बिद्रीकडचे, साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले, तरुणपणी तालमीत घुमलेले. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून शहरात मुलाकडे. त्यांच्या किडन्या निम्म्याहून जास्त कामातून गेल्या होत्या आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं. पोटॅशियम म्हणजे फळं, डाळी, दूध यांतून येणारा एक क्षार. चांगली किडनी जादाचा क्षार बाहेर टाकते, बिघडलेली टाकत नाही. तो फार साठला तर हृदय बंद पडू शकतं. डायलिसिस होईल तेवढं लांबवायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

आप्पांचं दूध रोज संध्याकाळचं, कट्ट्यावरचं. बाहेरगावच्या लोकांना सांगायला हवं. इथे गवळी म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. लोक उभ्याउभ्या पितात. आप्पांचा ग्लास मोठा, जवळजवळ अर्ध्या लिटरचा.

"केळं सोडलं, शहाळं सोडलं, मटण सोडलं. एक शबुद बोललो काय?" आप्पांचा आवाज चढला. "दुधानं कुणाचं वाईट झालंय व्हय?"

"तुमचं होतंय, आप्पा."

"तुमी कागदावर बघून बोलताय मॅडम."

मग माझाही आवाज चढला. "तुम्हाला दूध पाहिजे की डायलिसिस? एक काय ते सांगा!"

बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. आप्पांनी चार्टची घडी घालून खिशात ठेवली आणि ते निघून गेले. खरं सांगायचं तर मला राग दुधाचा नव्हताच. माझं ऐकत नाहीत, याचा होता.

महिन्याने रिपोर्ट आले. पोटॅशियम खाली आलेलं. मी खूश होऊन फाईल आमच्या किडनीच्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"चार किलो कमी? नुसतं दूध बंद केल्यावर?"

"नाही सर. बाकीचं सगळं मोजून दिलंय मी."

"दिलंय. पण खातायत का?"

मी आप्पांच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "आप्पा बाहेरच पडत न्हाईत आता. संध्याकाळ झाली की दाराकडं बघत बसत्यात, शेजारीण सांगत्या. ताटातलं दोन घास खाऊन उठत्यात. आमचं दोघांचं कामावनं यायचं रात्री, तवर एकटंच असत्यात."

त्या दिवशी घरी जाताना मी कट्ट्यावर गाडी थांबवली. गवळ्याला आप्पांबद्दल विचारलं.

"कोण, फिटर आप्पा? महिना झाला फिरकलं न्हाईत. आमाला वाटलं, कुणाचं तरी बोलणं लागलं." मागे चार-पाच म्हातारे ग्लास घेऊन उभे होते. त्यातला एक म्हणाला, "आजारी हाय व्हय? आमाला बोललं न्हाय की!"

कसे बोलणार? तालमीतल्या माणसाने दोस्तांपुढे दूध नको म्हणायचं? आणि ग्लास न घेता कट्ट्यावर नुसतं उभं राहायची इथे पद्धत नाही. म्हणून आप्पांनी कट्टाच सोडला. दिवसातला तेवढा एक तास त्यांच्याशी कुणीतरी बोलत होतं आणि तो मी पेनाच्या एका रेघेने खोडला होता. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांना विचारून मी चार्ट बदलला. आता घरचं दही आणि चहातलं दूधही बंद. भाज्या लीचिंग करून, म्हणजे चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे बराचसा क्षार निघून जातो. वाचलेल्या हिशेबात कट्ट्यावरचा छोटा अर्धा ग्लास बसला.

"अर्धा मागू?" आप्पा म्हणाले. "त्यापेक्षा नको, मॅडम."

"जाऊन तरी या. मग नको म्हणा."

पुढच्या महिन्यात वजन दीड किलो वाढलं. पोटॅशियम आटोक्यात. "गवळ्यानं अर्धाच दिला," आप्पा सांगू लागले. "समदी बघाय लागली. कुणी काय बोलंना. मग आमच्यातला जोत्या म्हणाला, मलाबी अर्धाच दे, लई होतंय आता. मग समद्यांनीच अर्धा घेतला, च्यायला!" ते मोठ्याने हसले.

त्या दिवसापासून मी पेशंटच्या फॉर्मवर हाताने एक प्रश्न वाढवलाय. 'काय खाता?' याच्या आधी 'कुणाबरोबर खाता?' माणसं चिडतात ती बहुतेक वेळा या 'कुणाबरोबर'च्या उत्तरापायी, एवढं मला वीस वर्षांनी कळलं. पहिल्यांदा आप्पांनाच विचारलं.

"दूध दोस्तांबरं, जेवण टीव्हीबरं," ते म्हणाले. मग सहज विचारलं, "आणि तुमी वो मॅडम? तुमी कुणाबरं जेवता?"

"आप्पा, हे पेशंटला विचारायचं असतं," मी म्हणाले. आवाज उगाचच चढला होता. "पाणी किती पिता ते सांगा."

आप्पांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग पाणी किती पितात ते सांगितलं.