रेडिओवरचा व्हर्लिन

कार्व्हर फॉल्स गावात असा एक विषय नव्हता ज्यावर व्हर्लिन स्टाउट्झचं मत नव्हतं, आणि असा एक माणूस नव्हता ज्याने ते त्याला विचारलं होतं. हयात टायरच्या कारखान्यात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा मालकांनी यंत्रं मेक्सिकोला पाठवली आणि कामगारांच्या हातात एकेक हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, ठेवून त्यांना घरी पाठवलं. हॅम चवीला चांगला होता, असं त्याची बायको नोरीन अजूनही म्हणते. ती असं म्हणाली की व्हर्लिन ताटावरून उठतो.

घरी बसलेल्या माणसाचं तोंड काही बंद पडत नाही. संध्याकाळी सहाला गावच्या रेडिओवर चिप रेडमेकर बेसबॉलच्या गप्पांचा कार्यक्रम घ्यायचा आणि लोक फोन करून भांडायचे. व्हर्लिन रोज फोन करायचा. मैदानाच्या फाटकावर तो फुकटात तिकिटं फाडायचा, म्हणून चिप त्याला ‘फाटकावरचा व्हर्लिन’ म्हणायचा. सगळं गाव ऐकायचं, हसायचं, आणि दुसऱ्या दिवशी ‘काल काय बरळलास रे?’ म्हणून त्यालाच विचारायचं. व्हर्लिनला तेवढंही पुरायचं.

गावात धाकटा संघ होता. थोरला संघ दोन तासांवरच्या शहरात. थोरल्याने पाळलेली पोरं इथे घडवायची. घडली तर वर न्यायची, नाही घडली तर त्यांना घरचं तिकीट द्यायचं, असा तो सगळा मामला. पोरांना पगार इतका तुटपुंजा की खोलीचं भाडंही परवडायचं नाही. मग गावातली घरं उन्हाळ्यापुरती एकेक पोर ठेवून घ्यायची. स्टाउट्झांच्या माडीवर त्यांच्या मुलाची, डेलची खोली रिकामी होती. डेल ॲरिझोनाला गेला तो गेलाच. नाताळला फोन करायचा, तोही सुनेने आठवण केली तर.

त्या खोलीत बरीच पोरं राहून गेली. जाताना प्रत्येक जण नोरीनच्या गळ्यात पडायचा, ‘पोचलो की फोन करतो’ म्हणायचा. एकाचाही फोन आला नाही. एक जण पुढे टीव्हीवर दिसला. व्हर्लिनने गस पेट्राकिसच्या खानावळीत येईल त्याला गाठून सांगितलं, “हा माझ्या घरी राहायचा, माझ्या!” घरी आल्यावर मात्र त्याने नोरीनला उगाच विचारलं, “फोन चालू आहे ना आपला?”

मग येफ्री आला. येफ्री बाल्बुएना, नुकता विशीत आलेला, डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या बानी गावचा. तिसऱ्या बेसवर खेळायचा. तिथे फटकावलेला चेंडू विचार करायला वेळ देत नाही, आणि हा पोरगा तो असा उचलायचा की जणू जमिनीवर पडलेली किल्ली उचलतोय. एक उन्हाळा राहिला आणि दुसऱ्या उन्हाळ्याला तेच घर मागून घेऊन पुन्हा आला. असं कुणी केलं नव्हतं. नोरीनला त्याने भात मुद्दाम बुडाशी लागू द्यायला शिकवलं, आणि ती खरपुडी खरवडून तो भांड्यातूनच खायचा. व्हर्लिनने त्याला बंद कारखान्याच्या ओसाड आवारात जुना ट्रक चालवायला शिकवला. शिकवताना व्हर्लिन इतका ओरडायचा की येफ्री हसून ब्रेकच विसरायचा. तो नोरीनला मॉम म्हणायचा आणि व्हर्लिनला मिस्टर. व्हर्लिनला त्या मिस्टरचं थोडं वाईट वाटायचं, पण बोलणार कसं?

जूनमध्ये चेंडूवर झेपावताना येफ्रीचा उजवा खांदा दुखावला. संघाच्या माणसांना त्याने ते कळू दिलं नाही. दुखणाईत पोराला हे लोक घरी पाठवतात हे त्याला पक्कं माहीत होतं. नोरीनच्या मात्र नजरेतून सुटलं नाही. ती रोज संध्याकाळी फ्रीजरमधली मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून त्याच्या खांद्यावर धरून बसायची.

“कुणाला सांगू नको, मॉम.”

“मी कुणाला सांगणार? आणि ह्याला मी बघते,” नोरीन म्हणाली. व्हर्लिनने छातीवर हात ठेवून शपथ घेतली. जुलै अर्धा सरला तोवर दुखणं थांबलं होतं. मटार नुसतीच सवय म्हणून निघायचे.

जुलै संपताना संघासंघांतल्या अदलाबदलीची मुदत संपते, आणि त्याआधीचा आठवडा म्हणजे गावाच्या अंगात येण्याचा आठवडा. त्या वर्षी बातमी फुटली ती थेट येफ्रीचीच. थोरल्या संघाला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हवा होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संघाकडे तसा एक मुरलेला पिचर होता, आणि त्याच्या बदल्यात त्यांना येफ्री पाहिजे होता. त्यांचा माणूस येऊन महामार्गावरच्या मोटेलात उतरला होता. राखाडी टोपी घालून रोज सामना बघायचा आणि कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही.

गसच्या खानावळीत त्या सकाळी कॉफी थंड होत होती आणि माणसं तापत होती.

“देऊन टाका पोराला!” गस तव्यावरूनच ओरडला. “डावखुरा मिळतोय, लेका! यंदा करंडक घरी येईल. तो पोरगा ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय?”

“विकायला तो काय टायर आहे?” व्हर्लिनने कप आपटला. “दोन वर्षं थांबा. तिसऱ्या बेसला असा पोरगा ह्या संघाला मिळालेला नाही.”

“वर थोरल्या संघात तिसऱ्या बेसवर केसलर बसलाय ना! सहा वर्षांचा करार आहे त्याचा. तुझा पोरगा तोवर काय करणार, पाण्याच्या बाटल्या भरणार?”

“केसलरचे गुडघे गेलेत.”

“गुडघे तुझे गेलेत. आणि मागच्या साली त्या लांबड्या पिचरला विका म्हणून रेडिओवर कोण बोंबलत होतं? तो माणूस नव्हता वाटतं?”

“तो माझ्या घरी राहत नव्हता,” व्हर्लिन म्हणाला, आणि सगळी खानावळ हसली. तो हसला नाही. आठवडाभर त्याने रेडिओवर नुसती आग ओकली. थोरल्या संघाचे मालक म्हणजे कारखान्याच्या मालकांचे चुलतभाऊ, माणसं उचलून इकडची तिकडे टाकणारे, असं तो म्हणत राहिला. चिप त्याला बोलू द्यायचा, कारण व्हर्लिन चिडला की फोन वाढायचे.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी येफ्री स्वयंपाकघरात आला. नोरीन बाजारात गेली होती. तो व्हर्लिनसमोर खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ मिठाची बाटली फिरवत राहिला.

“मिस्टर, तुम्ही रेडिओवर माझ्यासाठी भांडता. मला मुलं सांगतात.”

“भांडणारच. तू काळजी करू नको, तुला मी जाऊ देत नाही.”

“तेच सांगायचं होतं.” येफ्रीने वर बघितलं. “मला जायचंय.”

व्हर्लिनने मिठाची बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

“तिथे तिसरा बेस रिकामा आहे. गेलो की पुढच्या आठवड्यात मोठ्या मैदानावर. इथे केसलर आहे, मिस्टर. मी इथे म्हातारा होईन. माझी आई बानीला दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करते, अजून. तिला मी म्हटलंय, आता थोडेच दिवस.” मग तो हसला, जरा लाजत. “तो टोपीवाला माणूस तुमचा कार्यक्रम ऐकतो. सगळे ऐकतात. तुम्ही आज सांगा ना, हा पोरगा चांगला आहे, घ्या ह्याला. तुमच्यासारखं कुणाला बोलता येत नाही.”

व्हर्लिनकडे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं मत मागितलं होतं, आणि तेही असं!

“सांगतो,” तो म्हणाला. येफ्रीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो सरावाला गेला. जाताना पायऱ्या उड्या मारत उतरला. व्हर्लिन तिथेच बसून राहिला. डेल गेला तेव्हाही असाच उड्या मारत गेला होता. हाही जाईल, गळ्यात पडेल, फोन करतो म्हणेल, आणि मग टीव्हीवर दिसेल. त्याला पोराचा राग आला. हे घर, हा भात, तो ट्रक, हे काहीच नव्हतं? राग आला तो सहा वाजेपर्यंत गेला नाही.

“फाटकावरचा व्हर्लिन!” चिप रेडिओवर म्हणाला. “उद्या शेवटचा दिवस, दोस्ता. ठेवायचा की द्यायचा?”

“मी विचार केला,” व्हर्लिन म्हणाला. “पोरगा उत्तम आहे. हात सोन्याचे. मेहनती. असा पोरगा कुणीही डोळे मिटून घ्यावा.”

“अरेच्चा! म्हणजे द्यायचा म्हणतोस?”

मागे नोरीन बटाटे सोलत होती. तिने मान वर केली. येफ्रीने तिलाही सांगितलं होतं, आणि आपला नवरा शब्द पाळतोय हे बघून ती हसलीसुद्धा. व्हर्लिनने तिच्याकडे पाठ केली.

“द्या की. पण घेणाऱ्याने आधी खांदा बघावा म्हणावं. जूनपासून माझी बायको रोज त्यावर मटारची पिशवी धरून बसते.”

पुढे तो सगळ्यांना सांगत राहिला की जीभ घसरली. पण जीभ घसरली की माणूस चपापतो, गप्प होतो. व्हर्लिन गप्प झाला नाही. चिपने “काय म्हणतोस?” असं विचारल्यावर त्याने नीट फोड करून सांगितलं: उजवा खांदा, मागच्या बाजूने, हात वर नेला की दुखायचं. आता थांबलंय, हे तेवढं सांगायचं राहिलं.

नोरीनने सुरी ताटलीत ठेवली. फोन ठेवून तो वळला तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती.

“तोंडातून निघून गेलं,” तो म्हणाला.

“नाही गेलं,” नोरीन म्हणाली आणि उरलेले बटाटे तिने सोललेच नाहीत.

टोपीवाला रात्रीच मोटेल सोडून गेला. सौदा फिसकटला. सकाळी थोरल्या संघाने येफ्रीला शहरात बोलावून यंत्राखाली घातलं. खांद्यात एक बारीकशी चीर निघाली, जी कदाचित आपोआप भरून आली असती. पण लपवली म्हणून मोठी ठरली. व्हर्लिनला वाटलं होतं, सौदा मोडेल आणि पोरगा आपल्या माडीवर राहील, निदान ह्या उन्हाळ्यापुरता तरी. त्यांनी त्याला दोन दिवसांत फ्लोरिडाच्या उपचार केंद्रावर हलवलं, आणि हिवाळ्यात घरचं तिकीट दिलं. कारखान्यात निदान हॅम तरी मिळाला होता.

फ्लोरिडाला जायच्या दिवशी येफ्री बॅग घेऊन खाली आला. व्हर्लिन दारात उभा होता, काय बोलायचं ते रात्रभर जुळवून. येफ्रीनेच त्याला मिठी मारली.

“मिस्टर, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझ्यासाठीच बोलत होता. निघून जातं तोंडातून.”

व्हर्लिनने नोरीनकडे बघितलं. ती आता सांगेल, असं त्याला वाटलं. तिने पोराच्या कॉलरची घडी सारखी केली आणि म्हणाली, “पोचलास की फोन कर.”

आणि त्याने केला! एवढ्या पोरांत एकट्याने. फ्लोरिडाहून केला, मग बानीहून करत राहिला, दर रविवारी, चर्च सुटल्यावर. आधी मॉमशी बोलतो, मग मिस्टरला बोलवायला सांगतो. आता तो मोटरसायकलवर गॅसच्या टाक्या पोचवतो. लग्न झालंय. आईला अजून इस्त्री सुटलेली नाही.

धाकट्या संघाच्या पोरांना घरं शोधून देणाऱ्या बाई पुढच्या वसंतात नव्या पोरासाठी विचारायला आल्या होत्या. नोरीनने त्यांना कॉफी दिली आणि खोली देता येणार नाही असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, ते तिने सांगितलं नाही. व्हर्लिन आता रेडिओवर फोन करत नाही. चिपने पहिले काही दिवस ‘फाटकावरचा व्हर्लिन कुठे हरवला?’ असं विचारलं, मग तोही विसरला.

रविवारी फोन वाजला की व्हर्लिन अंगणात काहीतरी काम काढतो. नोरीन दार उघडून उभी राहते. एवढ्या वर्षांत तिने त्याला एका शब्दाने कधी टोचलं नाही. तिने टोचलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसता फोन पुढे धरते.

“बोल. पोरगा थांबलाय.”

“मिस्टर!” तिकडून येफ्री ओरडतो. मागे मोटरसायकली, कोंबडे, कुणाचं तरी मूल. “कसे आहात?”

“बरा आहे. येफ्री, ऐक. त्या दिवशी रेडिओवर मी...”

“सोडा हो ते, मिस्टर! किती वर्षं झाली. काल संघ जिंकला की हरला, ते सांगा.”

व्हर्लिन तोंड उघडतो. नोरीन अजून दारातच उभी असते.

“हरला,” तो म्हणतो. “खांदा कसा आहे?”

“मस्त. आता अजिबात दुखत नाही.”