रतनच्या पदकाचा अर्ज

कोपरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. खोटे कागद घेऊन माणसं रोज समोर उभी राहतात, त्यामुळे माझा स्वभाव तिरसट झालाय. पण शिवराम आला की मी खुर्ची पुसून द्यायचो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता डोंबिवलीत एका कारखान्याच्या गेटवर. महिन्यातल्या एका सुट्टीला तो शांताबाईंना घेऊन यायचा. त्यांचा मुलगा रतन त्याच्याच तुकडीत होता. चकमकीत गेला, आपल्याच माणसाच्या गोळीने. शौर्यपदकासाठी नाव गेलेलं, ते अडलं. सहा वर्षं शिवराम अर्ज लिहायचा आणि मी टाइप करायचो. देवमाणूस आहे, असं मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. माझ्या जिभेला हाड नाही.

गेल्या मंगळवारी उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं. गोळी आपल्या बाजूची होती, एवढ्यावरून पदक नाकारलेलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या जवानाने ललकारल्यावर रतनने ओळख दिली नाही, म्हणजे चूक त्याचीच, म्हणून नाकारलेलं.

"माझ्या पोराची चूक?" शांताबाई म्हणाल्या. "शिवा, पहाऱ्यावर कोण होतं रे?"

शिवराम खुर्चीवरून उठला. "मी, काकी."

मग तो सांगत गेला. पहाटेचं धुकं होतं. तासभर चौकीवर गोळीबार चाललेला. शेजारच्या जवानाचा जबडा उडून शिवरामच्या मांडीवर पडला होता. तेवढ्यात समोर झाडीत काहीतरी हललं. 'थम, कौन आता है' असं ओरडायचं आणि उत्तराची वाट बघायची, हे फौजेत पहिल्या दिवसापासून घोटून घेतात. शिवराम ओरडलाच नाही. त्याने सरळ गोळ्या झाडल्या. जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन रतन सरपटत येत होता. चौकशीत मात्र शिवरामने सांगितलं, मी ललकारलं, उत्तर आलं नाही.

काउंटरवर लोखंडी पंचिंग मशीन होतं. शांताबाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, दात तुटला. दुसरा घाव कानशिलावर बसला. रक्त अर्जांवर सांडलं. त्याने हात वर केला नाही. मीही मध्ये पडलो नाही. खरं सांगतो, अजून दोन बसले असते तर मला बरं वाटलं असतं.

दमल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्याच गोळीत गेला का?"

हो म्हणायला त्याचं काय जात होतं?

"नाही काकी. पहिली पोटात लागली. 'शिवा, मी आहे रे' म्हणून ओरडला. आवाज ओळखला मी. तरी चापावरून बोट निघालं नाही."

शांताबाई फरशीवरच बसल्या. तिथूनच मला म्हणाल्या, "नवा कागद लाव. माझ्या पोराने ओळख दिलेली, ते आधी टाइप कर. खाली ह्याची सही घे."