दाजींची गोळी

दाजींच्या गोळीची गोष्ट मी ओतूरपासून घोडेगावापर्यंत किती मांडवांत सांगितली असेल, देव जाणे. हातवारे करून, आवाज काढून! पण तिच्यातलं एक वाक्य खोटं आहे. कोणतं, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राजुरीचे. नव्वदचं दशक – मी ओतूरला कॉलेजात आणि दाजींच्या दारात नवाकोरा ट्रॅक्टर. काय रुबाब होता! शिट्टी वाजवत नांगरायचे. त्या उन्हाळ्यात मात्र ते सीटवर एका बाजूला कलून बसायला लागले. शौचाच्या जागी चीर पडली होती – फिशर. रक्त जायचं. घरात सांगायची सोय नव्हती, मला तेवढं कानात सांगितलं. मीच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सपोझिटरी लिहून दिल्या. दुकानात त्या दिवशी नव्हत्या, म्हणून दाजी परत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या घेऊन मी निघालो.

मेडिकलवाल्यानं मला काउंटरच्या आत बोलावून समजावलं होतं. मेणासारखी मऊ, टोकदार गोळी. उन्हात वितळते, गार जागी ठेवायची. शौचाला जाऊन आल्यावर हात स्वच्छ धुवायचे, वेष्टन काढायचं, डाव्या कुशीवर पडायचं, टोकाकडून हळूच आत सरकवायची आणि पाव तास उठायचं नाही. तोंडानं घ्यायची नाही – हे त्यानं दोनदा सांगितलं. दोनदा!

राजुरीत पोचलो तर ओसरीवर शेवयांचा घाट. दाजींची आई, आक्का, दोन शेजारणी. आता सांगा, मेव्हण्या-मेव्हण्यांत थट्टा चालते, पण बहिणीच्या सासूसमोर ‘दाजी, डाव्या कुशीवर पडा’ कसं म्हणायचं? बाजूला नेता आलं नसतं का? आलं असतं. गोठा दहा पावलांवर होता.

“कशी घ्यायची रं?” दाजींनी विचारलं.

“सकाळ-संध्याकाळ एकेक,” मी म्हणालो. आणि एस.टी. गाठली.

पुढच्या आठवड्यात गेलो. पुन्हा तीच ओसरी, त्याच बायका. दाजी म्हणाले, “पावणं, लई चिवट औषध हाय राव. चहासंगं घेतलं तरी टाळ्याला चिकटतंय.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं – आणि मला हसू फुटलं. अक्षरशः लोळलो. ती गोळी कुठं ठेवायची असते, हे हसत-हसत सगळ्यांना सांगितलंही – सासूबाईंसमोर! आठवड्यापूर्वीची ती लाज आता कुठे गेली होती?

आक्का तेवढी हसली नाही. “आरं, मग तू सांगितलं न्हाई का त्यांना?”

“सांगितलं व्हतं की! नीट सांगितलं व्हतं.”

हेच ते वाक्य.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग शेवया वाळत घातलेल्या खाटेकडे बघत म्हणाले, “व्हय, सांगितलं व्हतं त्यानं. माझंच ध्यान नव्हतं.”

का म्हणाले असतील? मी कधी विचारलं नाही.

गावात ते ‘गोळीवाले’ झाले. उरलेल्या गोळ्या माठाशेजारी तशाच राहिल्या, आणि डॉक्टरांचं नाव त्यांनी टाकलं. पुन्हा हसं नको म्हणून. चीर चिघळत गेली. सीटवर उशी आली, मग उशीनंही भागेना. दोन वर्षांनी ट्रॅक्टर पुतण्याच्या हातात गेला, शेवटी ऑपरेशनही झालं. ती शिट्टी मी पुन्हा ऐकली नाही. गोष्ट मात्र सांगत राहिलो. कारण ती रंगायची हो – फार रंगायची!

दोन हजारनंतर कधीतरी भाचीचं लग्न झालं. हळदीला मांडव भरलेला. दाजी गादीवर एका कुशीवर कललेले. तेच म्हणाले, “भाऊ, पावण्यांना ती गोळीची गोष्ट सांग की राव.”

आक्का समोरच होती. दाजीही होते. आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी उठलो, बाह्या सरसावल्या आणि सांगितली – आजवर सांगत आलो तशीच. ‘सांगितलं व्हतं की!’ इथवर आलो आणि थांबलो. तिथे मी नेहमी थांबतो. दाजींनी बरोबर वेळ साधून आपलं वाक्य टाकलं, “माझंच ध्यान नव्हतं!”

मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मी.